याओ मिंगचे पाऊल आणि ह्यूस्टनचे राखीव सेंटर

१/ १० मे २००९. एनबीएच्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टन रॉकेट्ससमोर बलाढ्य लॉस एंजेलिस लेकर्स होते. ज्या जागी ७ फूट ६ इंच उंचीचा याओ मिंग उभा राहत असे, त्या सेंटरच्या जागी त्या दिवशी ६ फूट ६ इंचांचा चक हेज उभा होता. हा एक फुटाचा फरक कसा पडला, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ स्टार खेळाडू वारंवार जखमी होत असताना संघ राखीव खेळाडू का घेतो? रिकामी जागा भरायला, हे सोपे उत्तर. पण इतिहासाचा अभ्यासक दरबारी पत्रकापेक्षा जमाखर्चाच्या वहीवर अधिक विसंबतो. संघाची निवेदने नेहमी आशावादीच असतात. कोणाशी आणि केव्हा करार झाला, यातून मात्र संघाच्या मनातले कळते.

३/ आधी नियम पाहू. सामना ४८ मिनिटांचा आणि खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात. सॅलरी कॅप म्हणजे संघाच्या एकूण वेतनावरची मर्यादा. जखमी खेळाडूचे वेतनही तीत धरले जाते. त्यामुळे दुसरा तोलामोलाचा खेळाडू घेणे बहुधा परवडत नाही. उरतात ते कारकिर्दीच्या अखेरीस आलेले जुने खेळाडू, स्वस्त तरुण आणि परदेशांत खेळणारे.

४/ याओ २००२ च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. पहिल्या तीन हंगामांतल्या २४६ सामन्यांपैकी तो २४४ खेळला. उन्हाळ्यात चीनच्या राष्ट्रीय संघाकडून खेळणे असेच. मग घसरण सुरू झाली. पुढच्या तीन हंगामांत त्याचे सामने होते ५७, ४८ आणि ५५. कधी पायाच्या बोटाच्या हाडाला संसर्ग, कधी गुडघ्याखालचे हाड मोडलेले, कधी पावलाच्या हाडाला ताणाने पडलेली चीर.

५/ ह्यूस्टनने तजवीज मात्र आधीच केली होती. २००४ मध्ये संघाने काँगोचा डिकेंबे मुटोम्बो आणला. वय ३८, पण सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार चार वेळा मिळवलेला. डिसेंबर २००६ मध्ये याओचा पाय मोडला, तेव्हा बास्केटचे रक्षण या ज्येष्ठावर आले.

६/ खरी कसोटी २६ फेब्रुवारी २००८ ला लागली. सलग १२ सामने जिंकलेल्या ह्यूस्टनला कळले की याओचा हंगाम संपला. पुढचे १० सामनेही संघाने जिंकले. २२ विजयांची ती मालिका तेव्हाच्या एनबीए इतिहासातली दुसऱ्या क्रमांकाची ठरली. सेंटरच्या जागी होता ४१ वर्षांचा मुटोम्बो!

७/ हे कसे साधले? मुटोम्बोने याओइतके गुण करावेत अशी अपेक्षाच नव्हती. तो भार ट्रेसी मॅकग्रेडी, लुइस स्कोला आणि इतरांनी वाटून घेतला. मुटोम्बोकडे रिबाउंड घेणे आणि बास्केट राखणे एवढेच काम होते. राखीव खेळाडू स्टारची सगळी कामे करत नाही. जे काम अडले तर संघाची घडी विस्कटेल, तेवढे तो सांभाळतो. त्याला मर्यादाही होतीच. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत ह्यूस्टन युटाकडून हरले.

८/ आता सर्वांत बोलका दस्तऐवज. ३१ डिसेंबर २००८ रोजी, हंगाम ऐन मध्यावर असताना, ह्यूस्टनने ४२ वर्षांच्या मुटोम्बोशी पुन्हा करार केला. त्या हंगामात याओ नियमित खेळत होता. एकूण ७७ सामने खेळला. तरीही संघाला दाराशी राखणदार हवा होता. पत्रकांत न लिहिलेली धास्ती या करारात वाचता येते.

९/ धास्ती खरी ठरली, पण उलट्या क्रमाने. २१ एप्रिल २००९ ला पोर्टलंडमध्ये आधी मुटोम्बोचाच गुडघा गेला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. १७ दिवसांनी, लेकर्सविरुद्ध, याओचे पाऊल पुन्हा दुखावले. हाडाला चीर होती. उरला चक हेज. १० मेचा सामना ह्यूस्टनने ९९-८७ असा जिंकला, मालिका मात्र सातव्या सामन्यात गमावली.

१०/ त्या उन्हाळ्यात याओच्या पावलावर शस्त्रक्रिया झाली. खेळाडू संपूर्ण हंगाम खेळू शकणार नाही असे वैद्यकीय तपासणीत ठरले, तर लीग संघाला कॅपबाहेर खर्चाची सवलत देते. ह्यूस्टनला सुमारे ५७ लाख डॉलरची सवलत मिळाली. ती मागणे म्हणजेच याओ वर्षभर नाही, याची कबुली. ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड अँडरसन आला, तरी मुख्य भार हेजवरच राहिला. ४२ विजय, ४० पराभव, प्लेऑफ हुकले.

११/ २०१० मध्ये आलेला ब्रॅड मिलर मात्र वेगळ्या कारणासाठी आला. याओ परतत होता, पण सामन्यात त्याला २४ मिनिटांपेक्षा जास्त खेळवायचे नाही असे ठरले होते. उरलेली २४ मिनिटे कोणाची? त्यासाठी मिलरशी तीन वर्षांचा करार झाला. प्रशिक्षक रिक ॲडेलमन यांच्या हाताखाली तो सॅक्रामेंटोत खेळलेला होता.

१२/ माझ्या मते या इतिहासाचे मर्म इथे आहे. आधीचे राखीव सेंटर मुख्यतः याओ नसताना खेळायला घेतलेले. मिलर हा याओ असताना त्याचे पाऊल जपण्यासाठी घेतलेला. २००७-०८ मध्ये याओ सरासरी ३७ मिनिटे खेळत होता. प्रचंड उंची आणि विश्रांतीविना गेलेले उन्हाळे लक्षात घेता हाडे मोडण्याचे एकच कारण सांगता येणार नाही. पण मिनिटांचा हिशेब संघाने इतका काटेकोर मांडला, तो हाडे मोडून झाल्यावर.

१३/ १० नोव्हेंबर २०१० ला वॉशिंग्टनमध्ये याओचा पाय पुन्हा दुखावला. त्या हंगामातला तो त्याचा पाचवा आणि कारकिर्दीतला ४८६ वा सामना, तोच अखेरचा. फेब्रुवारी २०११ मध्ये ह्यूस्टनने शेन बॅटियरसारखा खंदा बचावपटू देऊन ७ फूट ३ इंचांचा, २४ वर्षांचा हाशीम थाबीट घेतला. प्रयोग फसला, पण अर्थ स्पष्ट होता. याओने निवृत्ती जाहीर केली २० जुलै २०११ ला; संघाने वाट पाहणे पाच महिने आधीच थांबवले होते.

१४/ म्हणून एखाद्या संघाने राखीव खेळाडू घेतल्याची बातमी आली की त्याचे वय पाहा. वयस्क खेळाडू थोड्या काळासाठी आला, तर संघ स्टारची वाट पाहतो आहे. उंच, तरुण आणि महागात पडलेला आला, तर ती वाट बहुधा संपली आहे. आणि स्टार धडधाकट असतानाच कोणी आला, तर संघ शहाणा आहे असे समजावे. ह्यूस्टनला ते शहाणपण येईपर्यंत याओ तिशीला पोहोचला होता आणि त्याच्या वाट्याला पाचच सामने उरले होते.