वात, तार आणि फॉर्मल्डिहाइड : एका छोट्या उपकरणाचा इतिहास कसा वाचायचा?

'मेथडॉलॉजी' म्हटलं की बऱ्याच जणांना प्रबंधातला तो एक कंटाळवाणा धडा आठवतो. गाइडनी सांगितलं म्हणून लिहायचा आणि परीक्षकांनी चाळून पुढे जायचा. आज एक असं प्रकरण सांगते, जिथे कर्करोगाच्या धोक्यावरचा मोठा वाद शेवटी एका साध्या प्रश्नावर येऊन थांबला : उपकरणात कापूस किती भरला होता?

उपकरण म्हणजे ई-सिगारेट. त्यातही ज्याची तापणारी तार आणि वात वापरणारा स्वतः बदलू शकतो, असा 'रिबिल्डेबल' प्रकार. आधीच सांगून ठेवते, ही शिफारस नाही. भारतात ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे, आणि निकोटीनचं व्यसन ही काही गंमत नाही. पण तंत्रज्ञानाचा इतिहास कसा लिहितात, पुरावा कसा तपासतात, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला तरी पटकन सुचत नाही.

आधी तार

बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला नायक्रोमची तार सगळ्यांनी हाताळलेली असते. मीटर ब्रिजवर तिचा रोध काढायचा, आलेख काढायचा, सही घ्यायची. ही तार आली कुठून? 1906 साली अल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुतज्ज्ञाला निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. त्याआधी वीज वापरून उष्णता मिळवता येत होती, पण तार हवेत लाल होऊन लवकरच जळून तुटायची. मार्शच्या तारेवर तापल्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच थर तिला पुढे जळू देत नाही. विजेचा टोस्टर, इस्त्री, कॉइलची शेगडी हे सगळं या थरावर उभं आहे.

दुसरी तार स्वीडनची. हान्स फॉन कान्टझोव्ह याने हॉलस्टाहामर या गावी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू तयार केला. त्याचं आडनाव आणि गावाचं नाव जोडून 'कान्थल' हे नाव झालं, आणि 1931 मध्ये त्याच नावाची कंपनी. कान्थलचा रोध नायक्रोमपेक्षा जास्त. 0.32 मिलिमीटर जाडीची, 10 सेंटिमीटर लांब तार घेतली तर कान्थलचा रोध साधारण 1.8 ओम येतो, नायक्रोमचा साधारण 1.4. हा फरक पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

या दोन्ही तारा भट्ट्या आणि शेगड्यांसाठी बनल्या होत्या. त्यांच्यातून निघालेली वाफ कुणी छातीत ओढून घेईल, असा विचार करून त्या कुणीच बनवल्या नव्हत्या. हा मुद्दाही पुढे लागेल.

मग पेटंटं, पण जरा जपून

ई-सिगारेटचा शोध कुणी लावला? सर्च केलं तर एका ओळीत उत्तर मिळतं : चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक, 2003. पेटंटांच्या कागदपत्रांत गेलात तर चित्र बदलतं. जोसेफ रॉबिन्सन याला 1930 मध्ये औषधी वाफ ओढण्याच्या विजेच्या साधनाचं पेटंट मिळालं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट याने 1963 मध्ये 'धूररहित, तंबाखूविरहित सिगारेट'साठी अर्ज केला आणि 1965 मध्ये त्याला पेटंट मिळालं. दोघांचीही वस्तू बाजारात चालली नाही.

गंमत म्हणजे होन लिकच्या मूळ रचनेत द्रवाचे थेंब उडवायचं काम मुख्यतः अल्ट्रासाउंडच्या कंपनांवर सोपवलेलं होतं. पुढे जगभर पसरली ती तापणाऱ्या तारेची रचना. म्हणजे 'शोध' या शब्दाखाली निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी लपल्या आहेत : कल्पना, चालणारी वस्तू आणि विकली जाणारी वस्तू. पेटंट हा पहिल्या गोष्टीचा उत्तम पुरावा आहे, तिसऱ्या गोष्टीचा अजिबात नाही. तुमच्या विषयात पेटंट वापरणार असाल तर हा फरक पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

वस्तू वापरणाऱ्यांच्या हातात जाते

सुरुवातीच्या ई-सिगारेटी सिगारेटसारख्याच दिसायच्या. आतली कॉइल जळली की तो भाग फेकायचा आणि नवा विकत घ्यायचा. 2010 च्या आसपास अमेरिका आणि युरोपमधल्या काही वापरणाऱ्यांनी तो भाग फेकण्याऐवजी उघडायला सुरुवात केली. मग जुनी तार काढून नवी गुंडाळता येईल अशी साधनंच बनू लागली. वापरणाऱ्याने तार निवडायची, तिचे वेढे घालायचे, दोन खांबांना स्क्रूने घट्ट करायची आणि मधून वात ओवायची.

वातीचं काम तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. समईत तेल असेपर्यंत तेल जळतं, वात टिकते. तेल वर चढायचं थांबलं की वातच जळायला लागते आणि घरभर करपट वास सुटतो. इथेही तेच. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलचं मिश्रण केशाकर्षणाने वातीतून तारेपर्यंत येतं आणि तिथे त्याची वाफ होते. वात आधी सिलिकाच्या दोरीची होती. काहींनी स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी गुंडाळून वापरली. शेवटी बहुतेक जण साध्या कापसावर आले. कापूस द्रव पटकन ओढतो, पण सिलिकासारखा ताप सहन करत नाही, कोरडा पडला की लगेच करपतो. जास्त ठासला तर द्रव चढत नाही, कमी भरला तर गळतो. किती भरायचा, हे आकड्यात कुणी सांगत नाही. 'तार ओवताना कापूस किंचित अडला पाहिजे', अशा भाषेत सांगतात.

तारेचंही तसंच. एका जाड तारेभोवती बारीक तार गुंडाळून केलेल्या कॉइलला 'क्लॅप्टन कॉइल' म्हणतात, कारण ती गिटारच्या जाड तारेसारखी दिसते. नाव अर्थातच एरिक क्लॅप्टनवरून. हळूहळू रोध एक ओमच्याही खाली नेण्याची हौस आली. पूर्ण चार्ज झालेली लिथियम बॅटरी 4.2 व्होल्ट देते. 0.5 ओमची कॉइल लावली तर 8.4 अँपिअर प्रवाह आणि सुमारे 35 वॉट. 0.2 ओमची लावली तर 21 अँपिअर आणि 88 वॉट. ज्या साध्या साधनांत सुरक्षेचं सर्किटच नव्हतं, तिथे ओमचा नियम न समजणाऱ्याच्या हातात बॅटरी फुटू शकत होती. दहावीत घोकलेलं सूत्र इथे जिवावर बेतणारं होतं.

2014 मध्ये ऑक्सफर्ड डिक्शनरीजनी 'व्हेप' हा वर्षाचा शब्द निवडला. वस्तू आता हौशी लोकांपुरती उरली नव्हती, आणि तिच्यावरचं संशोधनही वाढू लागलं होतं.

2015 : एकच वर्ष, दोन निबंध

जानेवारी 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या रसायनतज्ज्ञांचं एक छोटं पत्र छापून आलं. त्यांनी ई-सिगारेटची वाफ यंत्राने गोळा केली. 3.3 व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत. 5 व्होल्टला मात्र दहा झुरक्यांच्या नमुन्यात सरासरी 380 मायक्रोग्रॅम सापडली. त्यावरून त्यांनी गणित मांडलं, की दीर्घकाळ अशी वाफ ओढण्याचा फॉर्मल्डिहाइडमुळे होणाऱ्या कर्करोगाचा धोका सिगारेटच्या 5 ते 15 पट असू शकतो. बातम्यांत काय मथळे आले असतील, याची कल्पना तुम्ही करू शकता.

रसायनशास्त्रात चूक काही नव्हती. आक्षेप आला तो वापरणाऱ्यांच्या बाजूने : 'त्या साधनाला 5 व्होल्ट दिले तर वात करपते. तो झुरका कुणी ओढूच शकत नाही. एकदा घसा जळला की माणूस बटण सोडतो.' याला ते 'ड्राय पफ' म्हणतात. शिवाय नुसतं व्होल्टेज सांगून फारसं कळत नाही. तेच 5 व्होल्ट 2.5 ओमच्या कॉइलला दिले तर 10 वॉट होतात, 1.5 ओमच्या कॉइलला दिले तर जवळजवळ 17.

हाच आक्षेप ग्रीसमधले हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टन्टिनोस फार्सालिनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगात बसवला. निबंध त्याच वर्षी ॲडिक्शन या नियतकालिकात आला. त्यांनी रिबिल्डेबल साधन घेतलं आणि ते दोन प्रकारे बांधलं : एकात दुप्पट वात, दुसऱ्यात एकेरी. आधी अनुभवी वापरणाऱ्यांना 6.5 ते 10 वॉटपर्यंत झुरके घ्यायला लावले आणि करपट कधी लागतं ते विचारलं. त्यानंतर तीच साधनं यंत्राला जोडली. दुप्पट वातीत कुठेच करपट लागलं नाही, आणि दहा झुरक्यांत फॉर्मल्डिहाइड जास्तीत जास्त 11 मायक्रोग्रॅमच्या आसपास राहिलं. एकेरी वातीत 9 आणि 10 वॉटला सगळ्यांनाच करपट लागलं, आणि तिथे आकडा 345 च्या जवळ गेला.

वॉट तेवढेच, फरक फक्त वातीचा. यंत्राला चव कळत नाही, ते करपलेला झुरकाही तितक्याच इमानदारीने ओढतं.

जे कागदावर येत नाही

विज्ञानाच्या समाजशास्त्रात या प्रकाराला नाव आहे : टॅसिट नॉलेज, म्हणजे अव्यक्त ज्ञान. मायकल पोलान्यी यांनी ही कल्पना मांडली. हॅरी कॉलिन्स यांनी 1974 मध्ये छापलेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या प्रयोगशाळा एका नव्या प्रकारचा लेसर कसा बांधतात, हे पाहिलं. फक्त छापलेले निबंध वाचून तो लेसर कुणालाच चालवता आला नाही. ज्यांचा आधीच यशस्वी झालेल्या लोकांशी संपर्क होता, त्यांनाच जमलं. कापूस किती ठासायचा, हे ज्ञान त्याच जातीचं.

पण इथे थांबलात तर अर्धाच धडा हाती लागेल. 'विद्वानांना कळलं नाही, कारागिरांना कळलं' ही कथा ऐकायला गोड वाटते, म्हणूनच ती तपासून घ्यायची.

पहिली गोष्ट, जीभ हे मोजण्याचं उपकरण नाही. नवशिक्याला, सवय झालेल्याला, गोड फ्लेवर ओढणाऱ्याला करपट वेगवेगळ्या वेळी कळू शकतं. करपट लागलं नाही म्हणजे विषारी काहीच नाही, असंही सिद्ध होत नाही. 11 मायक्रोग्रॅम म्हणजे शून्य नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 2018 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 56 वापरणाऱ्यांची स्वतःची साधनं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू अत्यल्प होते. तोच द्रव तारेवरून गेल्यावर वाफेत निकेल, क्रोमियम, शिसं यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. शिवाय जे कॉइल वारंवार बदलत होते, त्यांच्या वाफेत काही धातू जास्त असण्याकडे कल होता. आता आठवा, तार वारंवार का बदलायची? चव स्वच्छ राहावी म्हणून. हाताला आणि जिभेला जी 'ताजी कॉइल' उत्तम वाटते, तीच कदाचित जास्त धातू सोडत असेल. 56 जणांच्या अभ्यासावरून शेवटचा निकाल देता येत नाही, पण निकेल जिभेला कळत नाही एवढं तर नक्की.

म्हणजे करपलेली वात यंत्राला ओळखता आली नाही आणि धातू माणसाला. भट्टीसाठी बनलेली तार माणसाच्या श्वासाच्या वाटेत आली, तेव्हा तिची पूर्ण माहिती कुणा एकाकडे नव्हती.

कायदा आला, आणि पुरावा विरू लागला

2016 मध्ये युरोपीय संघाचे नियम लागू झाले : टाकी जास्तीत जास्त 2 मिलिलिटर, निकोटीन मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपर्यंत. त्याच वर्षी अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाने ई-सिगारेटी आपल्या कक्षेत घेतल्या. ग्राहकाला द्रव मिसळून किंवा साधन जुळवून देणारं दुकानसुद्धा 'उत्पादक' ठरू लागलं. दरम्यान बंद पॉडची साधनं आली, ज्यात उघडण्यासारखं काही नव्हतंच. भारतात सप्टेंबर 2019 मध्ये अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा आला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात हे सगळंच बंद झालं.

या नियमांचं समर्थन किंवा विरोध हा आजचा विषय नाही. संशोधक म्हणून काळजी वेगळी आहे. 2010 ते 2016 या काळातलं बहुतेक ज्ञान व्हिडिओंत आणि लोकांच्या हातांत होतं. व्हिडिओ कधीही काढला जाऊ शकतो, आणि हात विसरतात. पेटंटं, नियतकालिकं, राजपत्रं टिकतील. त्यांच्याच आधारे पन्नास वर्षांनी कुणी हा इतिहास लिहिला, तर 2015 चे दोन आकडे समोरासमोर दिसतील, पण त्यांच्यामधला कापूस दिसणार नाही.

तुमच्या आराखड्यासाठी

तुमचा विषय हातमाग असो, बोअरवेल असो की सोयाबीनची फवारणी, आराखडा लिहिण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारा.

1. माझ्या विषयातली वस्तू प्रत्यक्ष कोण हाताळतं, आणि त्यांना असं काय माहीत आहे जे छापलेलं नाही?
2. मी ज्या आकड्यावर विसंबून आहे तो कुठल्या परिस्थितीत मोजला? त्या परिस्थितीत वस्तू खरोखर कुणी वापरतं का?
3. हाताळणाऱ्यांना काय कळूच शकत नाही? ते कळायला कुठलं उपकरण किंवा कुठला दस्तऐवज लागेल?
4. यातला कुठला पुरावा पुढच्या दहा वर्षांत नाहीसा होईल? तो आधी गोळा करा.

पहिला प्रश्न विसरलात तर 380 हा आकडा बरोबर असूनही निष्कर्ष गडबडतो. तिसरा विसरलात तर कारागिराच्या प्रेमात पडून निकेल राहून जातं. मुलाखती आणि मोजमाप यांतलं एकच काहीतरी निवडा, असं कुणी सांगितलं तर त्यांना या वातीची गोष्ट सांगा.