आधी नोंद, मग उपचार : गडचिरोलीतील नवजात बालके

१/ विसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रामीण भारतात बहुतेक बाळंतपणे घरीच होत. बाळंतिणीच्या खोलीत जन्मलेले आणि तिथेच दगावलेले मूल पुष्कळदा सरकारी दप्तरात चढतच नसे. जो मृत्यू कागदावर नाही, त्यावर उपाय कोण शोधणार?

२/ डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात आधी ही नोंद हाती घेतली. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजातांचे घरोघरी जाऊन निरीक्षण झाले. निम्म्याहून अधिक बालकांना उपचारांची गरज होती. डॉक्टरांनी तपासलेली बालके मात्र अवघी २.६ टक्के.

३/ बालक दवाखान्यात पोहोचत नसेल, तर उपचारच घरी न्यावा, हा मार्ग या आकड्यांनी दाखवला. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण मिळाले. बाळाचे वजन करणे, ऊब राखणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून जंटामायसिनचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या करू लागल्या.

४/ या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत तो ५९.६ होता. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

५/ २०११ पासून देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्या नवजाताच्या घरी जाऊ लागल्या. त्यांच्या पिशवीतील वजनकाटा आणि तापमापक हा त्या पहिल्या नोंदवहीचाच वारसा आहे.