संकासुराची बोली

सिंधुदुर्गातल्या दशावतार या लोकनाट्यात देव, राजे आणि ऋषी प्रमाण मराठी बोलतात. मालवणी बोलतो तो संकासुर. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. रात्री पालखीची प्रदक्षिणा झाली की देवळासमोर पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने खेळ उभा राहतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. मालवणीत यालाच धयकालो म्हणतात. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर अशा मंडळ्यांनी ही परंपरा पिढ्यानपिढ्या चालवली. स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात आणि छापील संहिता नसते. कथानक ठाऊक असते, संवाद रंगमंचावर जुळवले जातात.

मुख्य आख्यानाआधी आड दशावतार होतो. गणपती आणि सरस्वती येऊन गेल्यावर वेद चोरणारा संकासुर येतो. अंगात काळा पोशाख, तोंडावर काळा बुरखा. भटजीशी त्याची जुगलबंदी जुंपते आणि त्या ओघात गावचे मानकरी, सरकारी कचेऱ्या, पुढारी यांची खिल्ली उडते. शेवटी विष्णू त्याचा वध करून वेद सोडवतो. ज्याच्या हाती वेद जाऊ द्यायचे नाहीत तो काळा, आणि बोली गावाची. ही मांडणी कोणी ठरवून केली असेल असे नाही, पण तिचा अर्थ लपत नाही. मात्र प्रेक्षकांच्या मनातली गोष्ट मोठ्याने बोलण्याची मुभाही त्यालाच असते. गंमत अशी की त्याच देवळात देवाला गाऱ्हाणे घालतात ते मालवणीतच. म्हणजे देवाला मालवणी कळते. रंगमंचावर तो ती बोलत नाही एवढेच.

तेरेखोल नदीपलीकडे बोलीचा प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही, यासाठी 16 जानेवारी 1967 रोजी तेथे जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळेपणाची दोन पाने. उल्हास बुयांव यांची कोकणी गाणी प्रचारात गाजली, तर वेगळेपणाची बाजू मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या दैनिकाने चक्क मराठीतून लढवली. 1,72,191 मते विलीनीकरणाच्या विरोधात आणि 1,38,170 बाजूने पडली. मालवणी कोकणीच्या अगदी जवळची, पण तिच्या नावाने अशी चळवळ उभी राहिली नाही. मालवणी माणूस मुंबईत चाकरमानी झाला, गिरण्यांत लागला आणि मराठी म्हणूनच वावरला. बोली राहिली घरात, जत्रेत आणि विनोदात.

तोच विनोद पुढे मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर आला. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’चा पहिला प्रयोग 16 फेब्रुवारी 1980 रोजी झाला. गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ बसवतात आणि तो फसत जातो, एवढीच गोष्ट. पण येथे सगळी पात्रे मालवणी बोलतात आणि महाभारतातली भारदस्त पात्रेही गावकऱ्यांच्या तोंडी सापडून त्यांच्यासारखीच होतात. सुरुवातीला नाटकाला प्रेक्षक बेताचेच होते. पु. ल. देशपांडे यांच्या कौतुकाच्या पत्राने चित्र पालटले. तात्या सरपंचाची भूमिका करणाऱ्या मच्छिंद्र कांबळी यांच्या या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. घराबाहेर मालवणी बोलायला बिचकणाऱ्या चाकरमान्याला या यशाने धीर दिला. त्याबरोबर मालवणी म्हणजे हशा, असा शिक्काही बसला. गंभीर नाटकाला ती चालते, हे निर्मात्यांना पटायला फार वेळ लागला.

2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ या सिंधुदुर्गातल्या आकेरी गावात चित्रित झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने ती बोली भयकथेत नेली. दरम्यान जत्रांत ट्रिकसीनची, म्हणजे चमत्कार दाखवणाऱ्या दृश्यांची, आख्याने वाढली आणि अनेक ठिकाणी आड दशावतार आखडला. संकासुराचा वेळ त्यातच गेला. सप्टेंबर 2025 मध्ये प्रदर्शित झालेल्या सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी वृद्ध दशावतारी नट रंगवला. खाणकामाविरुद्ध उभा ठाकताना हा नट रंगमंचावरची सोंगेच घेतो. संकासुराच्या टोमण्यांतले राजकारण त्या त्या गावापुरते असायचे. येथे विषय साऱ्या जिल्ह्याच्या जमिनीचा आहे.