स्त्री-खेळाडूंचे त्रिक: एका निदानाचा इतिहास

कठोर सराव करणाऱ्या मुलींची मासिक पाळी लांबते किंवा थांबते, हे क्रीडाक्षेत्राला फार पूर्वीपासून माहीत होते. मात्र त्यात कुणाला धोका दिसत नव्हता. सराव कसून चालल्याचीच ती खूण समजली जाई.

1972 साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास बंदी आली आणि मैदानावरील मुलींची संख्या झपाट्याने वाढली. त्याच दशकात जिम्नॅस्टिक्समध्ये लहान वयाच्या, हलक्या चणीच्या मुलींचा जमाना सुरू झाला. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये अजिंक्य ठरलेली नादिया कोमानेची अवघी 14 वर्षांची होती.

पाळी थांबण्याचे कारण शोधताना संशोधकांचे लक्ष आधी चरबीकडे गेले. पाळी सुरू होण्यास शरीरात सुमारे 17 टक्के आणि ती टिकण्यास सुमारे 22 टक्के चरबी लागते, असे रोझ फ्रिश यांनी 1974 मध्ये मांडले. मात्र अंगाने सडपातळ असूनही नियमित पाळी येणाऱ्या खेळाडू पुष्कळ होत्या. त्यांचा उलगडा या सिद्धान्ताने होईना.

दुखण्याचे गांभीर्य 1984 मध्ये पुढे आले. बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी पाळी बंद झालेल्या आणि नियमित असलेल्या खेळाडूंच्या हाडांची तुलना केली. पंचविशीच्या आसपासच्या, पाळी बंद झालेल्या खेळाडूंच्या कमरेच्या मणक्यांची घनता पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांइतकी भरली. इस्ट्रोजेन घटल्याने हाडे विरळ होत होती.

1992 मध्ये ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ने बोलावलेल्या बैठकीत खाण्यातील विकृती, बंद पाळी आणि अस्थिविरळता यांना मिळून ‘फिमेल अ‍ॅथलीट ट्रायड’ म्हणजे स्त्री-खेळाडूंचे त्रिक असे नाव मिळाले. दोनच वर्षांनी, 1994 मध्ये, अमेरिकन जिम्नॅस्ट क्रिस्टी हेनरिक 22 व्या वर्षी अॅनोरेक्सियाने दगावली. एका पंचाने वजन कमी करण्याविषयी सुनावल्यापासून तिने खाणे तोडले होते. 1997 पासून आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्समध्ये स्त्रियांसाठी किमान वय 15 वरून 16 वर नेण्यात आले.

मूळ कारणाचा छडा अ‍ॅन लाउक्स यांच्या प्रयोगांतून लागला. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या इतर कामांसाठी जी ऊर्जा उरते, ती त्यांनी मोजली. चरबी वगळून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे ही शिल्लक दिवसाला 30 किलोकॅलरीच्या खाली गेली, की पाळीचे नियमन करणाऱ्या संप्रेरकाची लय पाच दिवसांत बिघडते, असे 2003 मध्ये दिसून आले. समजा, एखादीचे असे वजन 40 किलो आहे. तिने 1800 किलोकॅलरी खाल्ल्या आणि 800 सरावात खर्च केल्या, तर दर किलोमागे शिल्लक 25 च उरते. व्यायामाला पुरेशा अन्नाची जोड दिल्यास बिघाड होत नाही, हेही या प्रयोगांनी दाखवले.

2007 मध्ये त्रिकाची व्याख्या याच आधारावर बदलली. खाण्यातील विकृतीच्या जागी ‘ऊर्जेची कमी उपलब्धता’ आली. कारण वेळेअभावी, भूक न लागल्याने किंवा अज्ञानामुळे कमी जेवणाऱ्या मुलींनाही तोच धोका होता. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ही संकल्पना हृदय, रोगप्रतिकारशक्ती आणि मानसिक आरोग्यापर्यंत विस्तारली आणि पुरुष खेळाडूंचाही तीत समावेश केला.

उपचाराची दिशाही त्यामुळे पालटली. गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो, पण ऊर्जेची तूट भरून निघत नाही. म्हणून आज आहार वाढवणे आणि गरजेनुसार सराव कमी करणे हाच पहिला उपचार मानला जातो. तो वेळीच व्हायला हवा, कारण हाडांचा बहुतेक साठा विशीपर्यंत तयार होतो आणि त्या वयात झालेले नुकसान पुढे पूर्ण भरून येईलच असे नाही.