गोळी, कागद आणि चरबी

आमच्या शाळेची सहल एका वस्तुसंग्रहालयात गेली होती. काचेच्या कपाटात एक लांबलचक बंदूक आडवी ठेवलेली होती आणि खाली चिठ्ठी होती : ‘एन्फिल्ड, १८५३’. मी मुलांना थांबवून नेहमीचा पाठ सुरू केला. काडतुसाला गाईची नि डुकराची चरबी, ते दातांनी तोडायचे, म्हणून शिपाई बिथरले, वगैरे. एरवी वर्गात तोंड न उघडणारा सातवीतला एक मुलगा मध्येच म्हणाला, ‘‘गुरुजी, पण गोळीला चरबी लागतेच कशाला?’’

वीस वर्षे मी सत्तावनचे प्रकरण शिकवीत आलो आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. ‘पुढे सांगेन’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. मास्तरांच्या भात्यातले हे जुने अस्त्र! पण त्या मुलाने विश्वासाने मान डोलावली, आणि तो विश्वासच मला टोचत राहिला. मी पडलो मॅट्रिकपुढे न गेलेला माणूस. तरी मिळतील ती पुस्तके चाळली, कळले नाही ते दोनदोनदा वाचले. जे हाती लागले ते दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्यापुढे ठेवतो.

शिसे माझ्या लहानपणापासूनचे ओळखीचे. आमच्या किनाऱ्यावर कोळी लोक जाळ्याला लावायला शिसे ओतीत. लोखंडी पळीत ते बघता बघता पातळ होई, साच्यात पडे आणि क्षणात थिजे. जड, मऊ आणि सहज वितळणारे, म्हणून बंदुकीच्या गोळीलाही शतकानुशतके तेच वापरले गेले. पण ओतलेल्या शिशाच्या पोटात कधीकधी पोकळी राहून जाते. जाळ्याला त्याचे काही नाही. गोळीत मात्र तेवढ्याने तोल एका अंगाला जातो आणि ती वाट सोडते. म्हणून जुन्या बंदुकांचे शौकीन आजही हाताने ओतलेली प्रत्येक गोळी काट्यावर तोलतात, आणि हलकी भरेल ती पुन्हा पळीत टाकतात.

पण चांगली भरीव, गोल गोळीसुद्धा सरळ जात नसे. असे का, याचा मुळाशी जाऊन शोध घेतला बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याचा तोफाबंदुकांवरचा ग्रंथ १७४२ साली निघाला. त्याची एक युक्ती तर मुलांनाही आवडावी. गोळीच्या वाटेत अंतराअंतरावर त्याने पातळ कागदाचे पडदे टांगले आणि कोणत्या कागदाला भोक कुठे पडते ते मोजले. मग बंदुकीच्या नळीचे तोंडच डावीकडे वाकवून बार काढला. गोळी आधी डावीकडे गेली खरी, पण पुढच्या पडद्यांपर्यंत वळून चक्क उजवीकडे आली! नळीच्या उजव्या भिंतीला घासत आल्याने तिला गिरकी मिळाली होती आणि त्या गिरकीने तिला ओढून नेले होते. साध्या बंदुकीतली गोळी दर खेपेला वेगळ्या भिंतीला घासते, म्हणून दर खेपेला वेगळीकडे जाते. उपाय एकच : नळीत पिळाच्या खाचा पाडून गोळीला भोवऱ्यासारखी एकाच आसावर फिरवायची. ईस्ट इंडिया कंपनीने या विद्वानाला आपले हिंदुस्थानातले किल्ले नीट करण्यासाठी नेमले. १७५१ साली कडलोरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये त्याचा अंत झाला.

खाचांची बंदूक त्याच्या आधीही होतीच. अडचण होती ती भरण्याची. गोळी खाचांना घट्ट बसायला हवी, तर ती तोंडाकडून ठोकून ठोकून आत घालावी लागे. चार बार झाले की दारूची काजळी नळीत साचे आणि पाचवी गोळी वाटेतच अडे. लढाईत इतका वेळ कुणापाशी? म्हणून पलटणींच्या हाती साधी बंदूकच राहिली. दोनशे यार्डांवर नेम धरून तिने कुणाला मारले असेल तर तो निव्वळ योगायोग, असे कर्नल हँगरने १८१४ साली लिहून ठेवले आहे.

हे कोडे सुटायला निमित्त झाले दक्षिण हिंदुस्थान. कॅप्टन नॉर्टन हा इंग्रज अधिकारी १८२०च्या सुमारास सुरू झालेल्या दशकात तिकडे होता. फुंकनळीतून बाण मारणारे लोक बाणाच्या बुडाला मऊ भेंड लावतात आणि फुंकरीने ते फुगून नळीत गच्च बसते, हे त्याने पाहिले. त्यावरून त्याने बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी काढली. सरकारने ती नाकारली. तीच कल्पना पुढे फ्रान्समध्ये मिनिए याने १८४९ साली यशस्वी केली आणि तिथून ती फिरून इंग्लंडात आली.

१८५३च्या एन्फिल्डचे पोट ०·५७७ इंचाचे, तर तिची गोळी ०·५६८ इंचाची. म्हणजे फरक इंचाच्या एक हजारांश भागातले नऊ. एवढ्या फटीत कागदाचे वेष्टन आणि त्यावरचे वंगण बसायचे. शिपायाने काडतुसाचे टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून वंगण लावलेली बाजू आत घालायची, उरलेला कागद फाडायचा आणि गज मारायचा. बार उडाला की वायूच्या दाबाने गोळीचे मऊ बूड फुगून तिन्ही खाचांत रुतायचे. वंगणाने गोळी सहज उतरे, काजळीही मऊ राही, आणि पुढची गोळी अडत नसे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते.

आता परीक्षेची तऱ्हा पाहा. हाइथ येथे १८५३ साली नेमबाजीची सरकारी शाळा निघाली. बंदूक पक्की धरून एकाच नेमाने अनेक बार काढायचे, छिद्रांचा मध्य काढायचा आणि प्रत्येक छिद्र त्यापासून किती दूर आहे त्याची सरासरी घ्यायची. १८५७च्या एप्रिलमध्ये तिथे व्हिटवर्थची षट्कोनी पोटाची नवी बंदूक एन्फिल्डशी ताडून पाहिली. पाचशे यार्डांवर एन्फिल्डची सरासरी चूक २·२४ फूट, तर व्हिटवर्थची अवघी ०·३७ फूट. चूक अशी फुटाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत मोजली जात होती.

वंगणाचीही परीक्षा झाली होती, आणि ती आपल्याकडेच. १८५३ साली वंगण लावलेली काडतुसे हिंदुस्थानात पाठवली गेली, शिपायांच्या तोस्दानांतून हिंडवली गेली. पाहायचे एवढेच होते की इथल्या उन्हात वंगण टिकते का. ते टिकले. कर्नल टकर या अधिकाऱ्याने त्याच वर्षी लेखी बजावले होते, की हे वंगण जातिधर्माला बाधणारे नाही याची खात्री झाल्याशिवाय देशी पलटणींना देऊ नये. त्या पत्राचे काही झाले नाही.

पुढचे आपण जाणतोच. जानेवारी १८५७मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली. मेण-तेल तुमचे तुम्ही लावा, अशी मुभा सरकारने त्याच महिन्यात दिली. पण विश्वास उडाला होता. २४ एप्रिलला मीरतेत नव्वद स्वारांना काडतुसे दिली, ती जुन्याच प्रकारची होती, शिवाय हातांनी फाडायची होती. तरी पंच्याऐंशींनी नाकारली. त्यांच्या पायांत बेड्या पडल्या आणि १० मेला मीरत पेटले. एकट्या चरबीने हे घडले, असे मी म्हणत नाही. सातारा, नागपूर, झाशी, अवध अशी राज्ये गिळून झाली होती. दारू कोठारात आधीच भरलेली होती.

उठावानंतर गोळी बदलली. ती ०·५५ इंचाची झाली, आणि वंगण म्हणून मधमाश्यांचे मेण आले. गोळी नीट उतरू लागली.

हे सारे मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मेणाने चालत होतं, तर आधीच का नाही लावलं, गुरुजी?’’

या खेपेस मी ‘पुढे सांगेन’ म्हटले नाही. ‘‘बाळ,’’ मी म्हणालो, ‘‘ज्याच्या दातांखाली ते येणार होतं, त्याला कुणी विचारलंच नाही.’’

घंटा झाली आणि आम्ही दोघेही वर्गाकडे वळलो.