सोळा आण्यांच्या गावातला दशांश

दशांश अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी शिकवताना शाळेत एकच नियम वारंवार सांगितला जातो, तो म्हणजे दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह यावे आणि मग एरवीच्या संख्यांप्रमाणे हातचे घेत किंवा उसने आणत उजवीकडून डावीकडे यावे. हा नियम पुस्तकात फार पूर्वीपासून होता. परंतु कोल्हापूरच्या शाहूपुरीतील गुळाच्या पेठेत, गुजरीतील सराफांच्या पेढ्यांवर आणि आठवड्याच्या बाजारात तो शिरला तो १ एप्रिल १९५७ या दिवसापासून, आणि तोही गणित म्हणून नव्हे तर कायदा म्हणून.

त्यापूर्वीचा हिशेब सोळाच्या पटीत चाले. तीन पयांचा एक पैसा, चार पैशांचा एक आणा आणि सोळा आण्यांचा एक रुपया, म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट आणि पया एकशे ब्याण्णव. लिहिण्याची पद्धतही याच रचनेतून आलेली होती : उभी रेघ पाव रुपयाची आणि आडवी रेघ एका आण्याची, त्यामुळे १॥= असे लिहिले की एक रुपया दहा आणे असा अर्थ होई. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरील किमती याच चिन्हांत छापलेल्या आढळतात. या लिपीत दशांशचिन्हाला जागा नव्हती आणि त्याची उणीवही भासत नव्हती, कारण सोळा ही संख्या चार वेळा निम्मी करता येते व दर वेळी पूर्णांकच हाती येतो. दहाची एकदाच निमपट होते आणि पाचापाशी गाडी अडते. पाव, अर्धा, पाऊण यांवर चालणाऱ्या बाजाराला सोळाची सोय होती, मागासलेपणा नव्हे.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्या काळच्या मराठी शाळांत मुलांच्या तोंडी पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे असत (औट म्हणजे साडेतीन). दशांश अपूर्णांक हे त्या शिक्षणातील एक स्वतंत्र प्रकरण होते आणि बाजाराशी त्याचा संबंध फारसा येत नसे. कागल व कोल्हापूर येथे शिकून १८८१ मध्ये मॅट्रिक झालेले गोपाळ कृष्ण गोखले हे राजकारणी म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्यांच्या इंग्रजी अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकावर अनेक पिढ्या शिकल्या, याची आठवण क्वचितच काढली जाते.

दशमान स्थानमूल्य, म्हणजे अंकाची जागा एकेक घर डावीकडे सरकली की त्याची किंमत दहापट होणे, ही पद्धत भारतातच घडली. तरीही एककाच्या उजवीकडे तीच पायरी उतरवून दशांश व शतांश लिहिण्याची रीत येथे रूढ झाली नाही. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’च्या आरंभी नाण्यांचे जे कोष्टक येते त्यात वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क असे प्रमाण दिलेले आहे. सोळाची परंपरा किती जुनी आहे हे त्यावरून दिसते. युरोपात सायमन स्टेव्हिन याने १५८५ मध्ये दशांशावर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि वजने-मापे व नाणीही दहाच्या पटीत असावीत असे तिच्यात सुचवले. फ्रान्स व अमेरिकेने ते अठराव्या शतकाच्या अखेरीस नाण्यांपुरते प्रत्यक्षात आणले.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते, त्यामुळे १९५५ च्या नाणे-दुरुस्ती कायद्याने ठरवलेले शंभर नव्या पैशांचे प्रमाण येथेही आपोआप लागू झाले. नव्या वहीची पूजा दिवाळीच्या पाडव्याला करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने १ एप्रिल १९५७ ही तारीख वर्षाच्या मध्येच आली. खरी अडचण मात्र वेगळीच होती. आण्याचे मोल सव्वासहा नवे पैसे येत होते आणि पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून अर्धा किंवा त्याहून कमी उरलेला भाग सोडून द्यायचा व अधिक असल्यास पुरा पैसा धरायचा, असे ठरले. त्यामुळे एक आणा म्हणजे सहा, दोन आणे म्हणजे बारा आणि तीन आणे म्हणजे एकोणीस नवे पैसे झाले. सोळा आणे एकेक करून बदलले तर शहाण्णवच पैसे भरत, आणि चार पैसे कोठे गेले हे ग्राहकाला समजावणे सोपे नव्हते. म्हणून आधी जुन्या मापात बेरीज करून मगच एकदा रूपांतर करणे, हाच शहाणपणाचा मार्ग होता. आजही दशांशांत पूर्णांकन शेवटी करावे असे सांगतात त्याचे कारण हेच आहे.

बदलाचा लाभ कागदावरील उभ्या मांडणीत दिसे. १२ रुपये ११ आणे ९ पया यांत ७ रुपये ६ आणे ८ पया मिळवायच्या तर सतरा पयांतून बारा काढून हातचा एक आणा, अठरा आण्यांतून सोळा काढून हातचा एक रुपया, आणि उत्तर २० रुपये २ आणे ५ पया. म्हणजे प्रत्येक घराला हातच्याचा वेगळा नियम. नव्या नाण्यांत १२.७३ व ७.४२ यांची बेरीज २०.१५ येते आणि हातचा सगळीकडे दहाचाच असतो. वजाबाकीतही तसेच होते : वीस रुपयांच्या नोटेतून १२.७३ वजा करताना २० हे २०.०० असे लिहिले की दोन रिकामी घरे भरतात आणि ७.२७ उरतात.

तथापि पैशांनी शिकवलेला दशांश थोडा फसवाही ठरला. ३.७५ ही रक्कम ‘तीन रुपये पंचाहत्तर पैसे’ अशी वाचली जाते, सात दशांश पाच शतांश अशी नव्हे. परिणामी चिन्हाच्या उजवीकडे एक स्वतंत्र पूर्णांकच आहे असा नवशिक्याचा समज होतो आणि ३.५ अधिक ०.२५ यांचे उत्तर तो ३.३० असे देतो. उजवीकडे शून्य जोडून ३.५० लिहिले की ३.७५ हे उत्तर डोळ्यांसमोर येते. तीन रुपये पाच पैसे हे ३.५ असे लिहिणे ही याच समजाची दुसरी बाजू होय. ‘नवा’ हा शब्द १ जून १९६४ पासून गळला, चूक मात्र टिकली.

१ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या मेट्रिक वजनांनी हेच गणित तराजूवर आणले. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण यांच्या जागी किलो व क्विंटल आले. परंतु दशांशाची खरी सवय जिल्ह्याला लागली ती दूध आणि उसामुळे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाच्या म्हणजे ‘गोकुळ’च्या गावोगावच्या संस्थांत दुधाचा दर फॅटवर ठरू लागला, आणि ‘सहा पॉइंट पाच’ हा उच्चार गोठ्यापर्यंत पोहोचला. उसाचे तर आणखी काटेकोर आहे. उतारा म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे शेकडा प्रमाण. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये असा रास्त व किफायतशीर दर होता. उतारा १२.४५ धरला तर फरक २.२०, म्हणजे ०.१ चे बावीस टप्पे, त्यांचे ७३.०४ रुपये मिळवून क्विंटलला ४१३.०४ होतात, आणि पुढे टनाच्या रकमेतून तोडणी-वाहतूक वजा होते. एक दशांश स्थान चुकले तर ट्रॉलीमागे किती फटका बसतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

गुजरीत मात्र तोळा हटला नाही, फक्त आतून बदलला. बारा माशांचा व शहाण्णव गुंजांचा जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. आज सराफाच्या बोलण्यातला तोळा सरळ १० ग्रॅमचा असतो. त्यामुळे जुन्या मापाने तीन तोळ्यांचा म्हणून घरात सांगितला जाणारा कोल्हापुरी साज इलेक्ट्रॉनिक काट्यावर ३४.९९२ ग्रॅम भरतो, आणि नव्या हिशेबाने तो साडेतीन तोळ्यांचा, जुन्या भाषेत औट तोळ्यांचा होतो.