तीस वर्षांचं व्याज आणि उद्याचा अंदाज

घर घ्यायला निघालेल्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘दर अजून उतरतील का? थोडं थांबू का?’ बँकेतला माणूस हसतो, खांदे उडवतो आणि अर्ज पुढं करतो.

अमेरिकेत या प्रश्नाला वेगळं वजन आहे. तिथं बहुतेक लोक जे गृहकर्ज घेतात, त्याचा दर एकदा ठरला की तीस वर्षं हलत नाही. आपल्याकडं बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा कुणाचा हप्ता वाढला, तर कुणाची मुदत निवृत्तीच्या पलीकडं सरकली. आता समजा, अशाच एका पुणेकराचा धाकटा भाऊ न्यू जर्सीत आहे आणि त्यानं २०२१ मध्ये तीन टक्क्यांनी कर्ज घेतलं आहे. त्याच्या मुद्दल-व्याजाच्या हप्त्यात एका सेंटचाही फरक पडला नाही.

ही सोय मोठ्या दुःखातून आली आहे. १९२९ पूर्वी अमेरिकेतही गृहकर्ज पाच-दहा वर्षांचंच असे. पुष्कळदा नुसतं व्याज भरत राहायचं आणि शेवटी मुद्दल एकरकमी द्यायचं किंवा कर्जाचं नूतनीकरण करून घ्यायचं. मंदी आली, सावकारी संस्थांनी नूतनीकरण नाकारलं आणि १९३३ च्या सुमारास रोज हजारभर घरांवर जप्ती येऊ लागली. मग रूझवेल्ट सरकारनं त्याच वर्षी एक महामंडळ काढलं. त्यानं सुमारे दहा लाख कुटुंबांची कर्जं स्वतःकडं घेऊन पंधरा वर्षांच्या समान हप्त्यांत बांधून दिली. १९३४ मध्ये सरकारी कर्जविमा आला, १९३८ मध्ये कर्जं विकत घेणारी ‘फॅनी मे’ ही संस्था आली आणि मुदत वाढत वाढत तीस वर्षांवर गेली.

कर्जदाराची धास्ती अशी संपली. पण धास्ती नाहीशी होत नसते, ती दुसऱ्याच्या दारात जाऊन बसते. इथं ती बसली बचतपेढ्यांच्या दारात. ठेवीदार केव्हाही पैसे मागू शकतो आणि कर्ज मात्र तीस वर्षांनी फिटणार! दर स्थिर होते तोवर हा धंदा आरामाचा होता. तीन टक्क्यांनी ठेवी घ्या, सहा टक्क्यांनी कर्ज द्या आणि तीन वाजता गोल्फ खेळायला जा, अशी तिथं म्हणच पडली होती.

मग आलं सत्तरचं दशक. तेल महागलं, महागाई भडकली. एप्रिल १९७१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर सव्वासात टक्क्यांच्या आसपास होता. ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर हे उंचेपुरे गृहस्थ मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे ‘फेडरल रिझर्व्ह’चे, अध्यक्ष झाले. महागाई मोडायचीच, मग व्याज कुठंही जावो, असा त्यांनी पण केला. ऑक्टोबर १९८१ मध्ये गृहकर्जाचा दर १८.६३ टक्के झाला. एक लाख डॉलरच्या कर्जाला महिना सुमारे १,५५९ डॉलर हप्ता! घरं बांधणाऱ्यांनी लाकडाच्या फळ्यांवर आपली गाऱ्हाणी लिहून त्या व्होल्कर यांना टपालानं धाडल्या. पडून राहिलेलं लाकूड तरी दुसरं काय कामाचं? तिकडं बचतपेढ्यांकडं जुनी स्वस्त कर्जं आणि नव्या महाग ठेवी. त्यांचं पेकाट मोडलं ते कायमचं. १९८६ ते १९९५ या काळात हजाराहून अधिक बचतपेढ्या बुडाल्या आणि करदात्यांना सुमारे १२४ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडला.

संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे निमित्त, बहाणा, कपट. व्याजस्तुतीतलं व्याज तेच. पैशाच्या व्याजाविषयी भाकीत करणाऱ्यांना हा अर्थ माहीत असता तर ते जरा जपून बोलले असते, असं मला उगीच वाटतं.

हेन्री कॉफमन यांचंच पाहा. नाझींच्या छळामुळं लहानपणी जर्मनी सोडावी लागलेला हा माणूस पुढं न्यूयॉर्कच्या सॉलोमन ब्रदर्स या पेढीचा अर्थतज्ज्ञ झाला. दर चढणार, असं तो वर्षानुवर्षं बजावत राहिला आणि दर चढतही राहिले. लोक त्याला ‘डॉक्टर डूम’ म्हणत. १७ ऑगस्ट १९८२ रोजी त्यानं मत बदललं. दर आता उतरतील, असं त्यानं जाहीर केलं आणि त्या एका दिवसात शेअरबाजाराचा डाऊ निर्देशांक ३८ अंशांहून अधिक उसळला. तोवरची ती विक्रमी उडी होती. अंदाज खरा ठरला. पण ही उतरण पुढं जवळजवळ चाळीस वर्षं चालेल, हे त्या दिवशी कुणाच्या स्वप्नातही नसेल.

अंदाज चुकतात याचं एक कारण साधं आहे. लोक मध्यवर्ती बँकेकडं बघतात आणि गृहकर्ज बघत असतं दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांकडं. ही कर्जं एकत्र बांधून गुंतवणूकदारांना विकली जातात. घर विकल्यामुळं किंवा कर्ज बदलल्यामुळं तीस वर्षांचं कर्ज बहुधा बरंच आधी फिटतं, म्हणून त्याची तुलना दहा वर्षांच्या रोख्याशी होते. आणि हा गुंतवणूकदार विचारतो, पुढची दहा वर्षं महागाई किती राहील? २००४ ते २००६ या काळात फेडनं आपला दर १ टक्क्यावरून सव्वापाचवर नेला, पण लांब मुदतीचे दर फारसे हललेच नाहीत. खुद्द अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये हे कोडं असल्याचं सांगितलं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये याच्या उलट झालं. फेडनं दर एक टक्क्यानं उतरवला आणि गृहकर्ज सहाच्या जरा वरून जानेवारी २०२५ मध्ये सातच्या पार गेलं. कपातीची वाट बघत थांबलेल्यांनी कपाळाला हात लावला असेल.

जानेवारी २०२१ मध्ये दर २.६५ टक्क्यांवर होता. त्या वर्षाअखेरीस जाणकार सांगत होते की, २०२२ संपताना तो फार तर चारच्या आसपास असेल. २०२२ च्या ऑक्टोबरातच त्यानं सात ओलांडले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्के झाला. त्याच लाखाचा हप्ता ४०३ डॉलरवरून ७१९ डॉलरवर गेला.

दर उतरले की जुनं कर्ज फेडून नवं घेता येतं, त्याला तिथं सहसा दंडही नसतो. पण चढले तर? २०२३ मध्ये अमेरिकेत जुन्या घरांची विक्री सुमारे ४० लाख ९० हजारांवर आली. १९९५ नंतरचा हा नीचांक होता. मुलं घर सोडून गेलेली, वरच्या मजल्यावर कुणी राहत नाही, गुडघ्यांना जिना सोसत नाही. तरी माणसं घर विकेनात. नवं लहान घर घ्यायचं तर जुन्या मोठ्या घरापेक्षा हप्ता जास्त. ते तीन टक्क्यांचं कर्ज नव्या घरात बरोबर नेता येत नव्हतं.